तारीख पुढे गेली, ते बरंच झालं

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझे बाबा 68 वर्षांचे, शुगर जुनी. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून ॲन्जिओग्राफी ठरली होती. त्याआधीच व्हायरल ताप अन् उलट्या झाल्या. गल्लीतल्या केमिस्टनं अंगदुखीच्या गोळ्या दिल्या. आता ताप नाही, पण क्रिएटिनिन (किडनी कमी काम करते तेव्हा रक्तात वाढणारा आकडा) 1.1 वरून 1.7 झालं, म्हणून डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. भाऊ पुण्याहून सुटी काढून आलाय. शेजारचे काका म्हणतात, ॲन्जिओग्राफीत रक्तवाहिनीत सोडतात त्या डायनं किडनी जाते, करूच नका. काय करावं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, भावाची सुटी वाया गेली खरी, पण डॉक्टरांचा निर्णय मला पटतो. ताप-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की किडनीला रक्त कमी पोचतं. त्यात अंगदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या असतील तर त्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळतात. (ही गोळी आपल्याकडे चिवड्यासारखी वाटली जाते, माझा जुना राग आहे.) अशा दमलेल्या किडनीवर डाय टाकायचा कशाला? शिवाय डेंग्यूची तपासणी झाली का, हेही विचारा. प्लेटलेट खाली असतील तर रक्तस्रावाचा धोका वेगळाच.

काकांचं म्हणणं अर्धवट आहे. डायमुळे वाढलेलं क्रिएटिनिन बहुतेकांचं तिसऱ्या-पाचव्या दिवशी शिगेला पोचतं आणि आठवडा-दहा दिवसांत उतरतं. डायलिसिस क्वचितच लागतं. धोका जास्त तो आधीच किडनी कमजोर, शुगर, हृदयाचं पंपिंग कमी, अशांना.

आठवड्याभरानं क्रिएटिनिन पुन्हा करा. आदल्या रात्री सावजी मटण नको, त्यानंही आकडा थोडा वर दिसतो. डॉक्टरांना विचारा : सलाईन किती द्यायचं? पंपिंग कमी असेल तर भरमसाट पाणी पाजूनही दम लागतो, तेव्हा मनानं पाजू नका. डाय कमीत कमी वापरता येईल का, आणि ब्लॉक निघालाच तर ॲन्जिओप्लास्टी (तो ब्लॉक उघडणं) नंतर वेगळ्या दिवशी करता येईल का? तीत डाय बराच जास्त लागतो. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी आणि बीपीच्या गोळ्यांचंही विचारा, परस्पर बंद करू नका. ॲन्जिओग्राफीनंतर 48 ते 72 तासांनी क्रिएटिनिन हवंच. घरी सोडल्यावर हेच राहून जातं.

हे सगळं तब्येत स्थिर असेल तरच. छातीत दाटून घाम फुटला, तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट हातात घेऊन बसू नका, रात्री दोनला असलं तरी थेट कॅथलॅब (जिथं ॲन्जिओग्राफी-ॲन्जिओप्लास्टी होते) असलेलं हॉस्पिटल गाठा. हार्ट अटॅकमध्ये किडनीसाठी थांबत नाहीत.