आयोजकांनी दिलेला टी-शर्ट पत्रकाराने घालावा का?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातून एका दैनिकासाठी गेले आठ महिने क्रीडावार्तांकन करते. मागील महिन्यात एका कबड्डी स्पर्धेत आयोजकांनी सर्व पत्रकारांना टी-शर्ट वाटले. छातीवर यजमान मंडळाचे नाव होते, पाठीवर एका स्थानिक नेत्याचे छायाचित्र. सगळ्यांनी घातला म्हणून मीही घातला. कार्यालयात उपसंपादकांनी नाराजी व्यक्त केली, पण मग काय घालावे हे कोणीच सांगत नाही. घरच्यांना पंजाबी ड्रेस योग्य वाटतो, तर सहकारी म्हणतात जीन्स चालते. पुढे कुस्तीची मैदाने सुरू होतील. तिथे कसे जावे?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : तुमच्या उपसंपादकांची नाराजी रास्त आहे, आणि ती का रास्त आहे हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात सातारा जिल्ह्यातील एका गावी मीही यजमान मंडळाचा पिवळा टी-शर्ट घालून कबड्डीच्या अंतिम सामन्याला बसलो होतो. शेवटच्या चढाईत बोनस गुण द्यायचा की नाही यावरून वाद झाला, निर्णय यजमानांच्या बाजूने गेला आणि पाहुणा संघ एका गुणाने हरला. त्या संघाच्या प्रशिक्षकांचे म्हणणे घ्यायला मी वही उघडून गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या छातीवरची अक्षरे वाचली आणि म्हणाले, ‘‘पावणं, तुमी तर त्यांच्यातलंच की. त्यांस्नीच इचारा.’’ दुसऱ्या दिवशी माझी बातमी एकाच बाजूची छापून आली. मी कोणाचा पक्ष घेतला नव्हता, पण तो माझ्या अंगावरच होता, आणि हरलेल्या माणसाने तो वाचला होता.

म्हणून मंडळ, संघ, प्रायोजक किंवा पुढारी यांचे नाव असलेले काहीही वार्तांकन करताना अंगावर असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फेट्याची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. आपल्याकडे फेटा बांधून सत्कार करणे हा मान आहे आणि तो नाकारला तर गाव दुखावते, त्यामुळे सत्काराच्या वेळी फेटा जरूर बांधून घ्यावा. मात्र लढती सुरू होण्यापूर्वी तो उतरवून बाजूला ठेवावा आणि मग लिहायला बसावे.

कुस्तीच्या मैदानाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सांगली-सातारा भागात तुमचे निम्मे काम तिथेच असेल. पलूस तालुक्यातील कुंडलसारख्या मोठ्या मैदानात दुपारी जे बसतो, ते दिवेलागणीनंतरच उठतो. मांडी घालून बसायचे, गर्दीतून वाट काढायची आणि कुस्ती निकाली झाली की विजयी मल्लाकडे धावायचे. अशा ठिकाणी ओढणी अडकते आणि घट्ट जीन्समध्ये दोन तास जमिनीवर बसवत नाही. सैलसर सुती पँट किंवा सलवार, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता अथवा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पेन, वही, मोबाइल मावतील असे खिसे, एवढे पुरेसे आहे. कपडे गडद असलेले बरे, कारण तेल, ताक आणि हळद घालून मळलेली हौद्यातली (आखाड्यातली) लाल माती कपड्याला लागली की सहजी निघत नाही. पादत्राणे पटकन काढता येतील अशी हवीत, कारण हौद्यात चप्पल-बूट घालून जाणे हा मातीचा अपमान समजला जातो. मॅटवरही बाहेरचे बूट चालत नाहीत. पांढराशुभ्र पोशाख मी टाळायला सांगेन. मातीत वस्ताद बहुधा पांढऱ्या कपड्यांत असतात, त्यामुळे तुम्ही नेमके कोण आहात हे लांबून कळत नाही. ओळखपत्र कपड्यांच्या आत न ठेवता बाहेर दिसेल असे असावे. वळिवाच्या दिवसांत छत्री नको, रेनकोट न्यावा. छत्री उघडली की मागच्या चार जणांची कुस्ती झाकली जाते.

‘मुलींनी कसे जावे’ या काळजीतून घरचे बोलत असतील, तर त्यांना सांगा की पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च 2023 मध्ये सांगलीतच झाली आणि आपल्या सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली. आता त्या खेळाचे वार्तांकन करणाऱ्या मुलीच्या कपड्यांवर वेगळे नियम लावण्याचे कारण मला दिसत नाही. स्वच्छ, अंगभर आणि कामाला सोयीचे कपडे असावेत, ही अपेक्षा पुरुष वार्ताहरांकडूनही आहे; अर्धी चड्डी आणि बनियनवजा टी-शर्ट घालून बक्षीस समारंभात व्यासपीठासमोर उभे राहणारे आमचे काही बंधू मला अजिबात पटत नाहीत.

पुढच्या वेळी टी-शर्ट पुढे आला, तर ‘‘दादा, आज कामावर आहे, राहू द्या’’ एवढे हसून म्हणावे. कोणी रागावत नाही. आणि दैनिकाचे नाव असलेले साधे जाकीट उपसंपादकांकडे हक्काने मागावे.

प्रश्न : शालेय क्रिकेट सामन्याची छायाचित्रे काढताना पंचांनी मला साइटस्क्रीनजवळून हटवले आणि काळ्या शर्टाचे कारण दिले. रंगाचा खरोखर संबंध असतो का?
– एक छायाचित्रकार, कराड

उत्तर : असतो. लाल चेंडू नीट दिसावा म्हणून गोलंदाजाच्या मागचा पडदा, म्हणजे साइटस्क्रीन, पांढरा ठेवतात, आणि त्यासमोरून गडद आकृती हलली की फलंदाजाची नजर चेंडूवरून सुटते. पांढऱ्या चेंडूच्या सामन्यात पडदा काळा असतो, तेव्हा हीच अडचण पांढऱ्या शर्टाने होते. मात्र शर्ट बदलून तिथे पुन्हा उभे राहू नका, कारण गोलंदाजाच्या हातामागे कोणत्याही रंगाची हालचाल फलंदाजाला त्रासदायकच ठरते. डीप एक्स्ट्रा कव्हरच्या बाजूला, म्हणजे फलंदाजाच्या समोर तिरके, सीमारेषेबाहेर बसलात, तर फलंदाजाचा चेहराही मिळेल आणि पंचांची तक्रारही राहणार नाही.