वाचकांचे प्रश्न : बी.कॉम. वर्गात की घरबसल्या?

प्रश्न : माझी मुलगी यंदा वाणिज्य शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली. तालुक्याच्या महाविद्यालयात एसटीने जाण्यायेण्यात रोज तीन तास जातात. ऑनलाइन बी.कॉम. केले तर तेवढा वेळ वाचेल आणि आमची काळजीही मिटेल. अशी पदवी नोकरीसाठी चालते का? शिक्षण वर्गाइतके चांगले होते का?
– एक पालक, सांगोला तालुका

उत्तर : पदवीबद्दलची शंका लवकर फिटण्यासारखी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केल्यानुसार, मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. मात्र त्या संस्थेला नेमक्या त्या अभ्यासक्रमाची परवानगी आहे का, हे आयोगाच्या यादीत स्वतः पाहावे. जाहिरातीवर विसंबू नये.

दर्जाचे उत्तर विषयागणिक बदलते. अर्थशास्त्राचे व्याख्यान पडद्यावर ऐकणे सोयीचे असते. न समजलेला भाग पुन्हा लावता येतो आणि वर्गात हात वर करायला लाजणाऱ्या मुलीला हा मोठाच दिलासा असतो. अकाउंट्सचे तसे नाही. व्हिडिओतल्या सरांचा ताळेबंद दर वेळी जुळतो, विद्यार्थिनीचा जुळत नाही. घसारा, म्हणजे वापरामुळे यंत्राच्या किमतीत होणारी घट, नफातोटा खात्यात नावे टाकला, पण यंत्रसामग्रीतून वजा करायचा राहिला, ही चूक बाकांमधून फिरणाऱ्या शिक्षकांना तिच्या वहीत चटकन दिसते. घरी ती तयार उत्तर उघडते, आकडे पडताळते आणि आपल्याला समजले असे धरून पुढे जाते.

वाचणाऱ्या तीन तासांबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. घरी बसून शिकणारी मुलगी मोकळीच आहे असे घरातले सगळे धरून चालतात, आणि पाहुण्यांचा चहा, धाकट्याचा डबा, दारात आलेला गॅसवाला यांत ते तास केव्हा संपतात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. महाविद्यालयात बसलेल्या मुलीला मध्येच हाक मारता येत नाही. तिला स्वतःला काय हवे आहे, हे आपल्या पत्रात आलेले नाही, तेही विचारावे.

माझा कल महाविद्यालयातील प्रवेशाकडे आहे. तिथे राहूनही काही विषय ऑनलाइन शिकता येतात : आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरून करून त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) मिळवता येतात. त्यासाठी महाविद्यालयाची संमती आधी घ्यावी लागते, आणि परीक्षा मात्र शुल्क भरून, केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. प्रवास खरोखरच अशक्य असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे जवळचे अभ्यासकेंद्र पाहावे.

खर्चाची अडचण असेल, तर ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मिळणारा एसटीचा मोफत पास आता नसला, तरी विद्यार्थ्यांच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते. प्रवेश झाल्यावर महाविद्यालयाचे बोनाफाईड घेऊन आगारात चौकशी करावी.