हीटरचं नंतर बघू, आधी पॉलिसीचा डिसेंबरचा हप्ता थांबवा

पत्र ठाण्याहून आलंय, घोडबंदर रोडवरच्या वाघबीळहून. थोडक्यात असं:

"वय ४२, खासगी नोकरी, महिन्याला हातात १ लाख १० हजार. पत्नी घरी शिकवण्या घेते, मुलगी नववीत, आई आमच्याकडेच असते. माळशेज घाट चढून गेल्यावर ओतूरच्या बाजूला आमची वडिलोपार्जित जागा आहे. तिथे उरणच्या यार्डातून ४० फुटी कंटेनर आणून घर केलं. प्लायचं पॅनेलिंग, संडास-बाथरूम धरून १४ लाख लागले. त्यासाठी फ्लॅटच्या कर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज काढलं, सव्वानऊ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी. गेल्या जानेवारीत दोन रात्री राहिलो तर थंडीने आईचे गुडघे धरले, आणि छत गळून सकाळी गोधडी ओली झाली. आता बोनसचे २ लाख आलेत. अंडरफ्लोअर हीटिंग १ लाख ६० हजार, हॉट-अँड-कोल्ड इन्व्हर्टर एसी ५५ हजार, ऑइल हीटर १० हजार. पफचं (फोमचं) इन्सुलेशन ९५ हजार सांगितलं, ते महाग वाटलं म्हणून सोडलं. वीज वाचवणारं यातलं कोणतं घ्यावं? टॉप-अपच्या हप्त्याचं टेन्शन नाही. बँकेने कर्जासोबत दिलेल्या पॉलिसीचे पैसे पुढे येणारच आहेत."

शेवटचं वाक्य वाचून मी पॉलिसीचे कागद मागवले. त्यावर येतोच, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

तुमचं छत गळलेलं नाही. जानेवारीत ओतूरला पाऊस कुठला? चार माणसांचा श्वास, आंघोळीची वाफ आणि रात्री गार पडलेला पोलादी पत्रा, यांतून ते पाणी आलं. गार पत्र्याला वाफ लागली की तिचे थेंब होतात आणि पहाटे टपकतात. प्लायच्या मागे हेच पाणी वर्षभर साचत राहिलं तर प्लाय फुगेल आणि पत्रा आतून गंजेल.

बाहेर १० अंश आणि आत २० हवं असेल, तर नुसत्या प्लायच्या ४० फुटी कंटेनरमधून ढोबळमानाने साडेतीन-चार किलोवॅट उष्णता सतत बाहेर जाते. दोन इंच पफ मारलं, फटी बुजवल्या, तर तीच सव्वा किलोवॅटच्या आसपास येते. म्हणजे इन्सुलेशन नसेल तर २ किलोवॅटचा हीटर रात्रभर चालूनही आईंना ऊब मिळणार नाही, आणि विकणारा तुम्हाला आणखी मोठं यंत्र दाखवत राहील. जे तुम्ही महाग म्हणून सोडलं तेच आधी करायचं आहे. मे महिन्यात पत्रा तापेल तेव्हाही तेच कामाला येईल.

आता वीज. पफ मारल्यावर ऑइल हीटरला रात्रीचे साधारण १० युनिट लागतील. युनिटला ढोबळ १० रुपये धरा, म्हणजे रात्रीचे १०० रुपये. हिवाळ्यात तुम्ही फार तर २५ रात्री राहाल, म्हणजे वर्षाचे २,५०० रुपये. हॉट-अँड-कोल्ड एसी उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो. त्यामुळे एका युनिटमागे तीन युनिटांची ऊब मिळते आणि वर्षाचा खर्च ८०० वर येतो. वाचले १,७००. त्यासाठी जादा मोजायचे ४५ हजार. पैसे वसूल व्हायला २६ वर्षं, आणि एसी टिकतो दहा-बारा. एसीवरचे स्टारही इथे उपयोगाचे नाहीत, आपल्याकडे ते थंड करण्याच्या कामावर दिले जातात.

अंडरफ्लोअर हीटिंग वीज वाचवतं असं ज्याने सांगितलं, त्याने तुमची दिशाभूल केली. जमिनीखालच्या विजेच्या तारा आणि १० हजारांचा हीटर, दोन्हींत एका युनिटची एकच युनिट ऊब होते. दीड लाख जादा कशाचे?

तेव्हा पफ आणि ऑइल हीटर. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच ठरला तर त्या वेळी थोडे जादा देऊन हॉट-अँड-कोल्ड घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाच आहे. आणि कोळशाची शेगडी किंवा गॅस हीटर बंद कंटेनरमध्ये लावून कुणीही झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

आता पॉलिसी. तुम्ही पाठवलेल्या बेनिफिट इलस्ट्रेशनच्या, म्हणजे किती भरायचं आणि किती मिळणार त्या तक्त्याच्या, दुसऱ्या पानावर तुमची सही आहे, आणि सहीच्या वरच सगळे आकडे आहेत. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं. मग बाराव्या वर्षाअखेरपासून दहा वर्षं दरवर्षी २ लाख ८० हजार. "१५ लाख भरा, २८ लाख घ्या" हे तुम्हाला सांगितलं गेलं असणार. पण पैसे आज जातात आणि बारा ते एकवीस वर्षांनी येतात. हिशेब केला तर हा परतावा वर्षाला सव्वापाच ते साडेपाच टक्के पडतो. तुम्ही सव्वानऊ टक्क्यांनी कर्ज काढलंय आणि साडेपाच टक्क्यांसाठी हप्ते भरताय. हा फरक दरवर्षी तुमच्या खिशातून जातोय.

टॉप-अपचा हप्ता १४,४०० च्या आसपास आहे, १५ वर्षांत १४ लाखांचे २६ लाख होतात. पॉलिसीचे पैसे सुरू होतील तेव्हा कर्जाची तीनच वर्षं उरलेली असतील. तोपर्यंतचे हप्ते तुमच्या पगारातूनच जाणार आहेत, आणि त्यावर पॉलिसीचे महिना साडेबारा हजार वेगळे. फ्लॅटच्या मूळ कर्जाचा हप्ता ३४ हजार. म्हणजे १ लाख १० हजारांतले ६१ हजार हातात येताच संपतात, आणि बचत खात्यात तुम्ही लिहिल्याप्रमाणे ६० हजार आहेत. यात टेन्शन नाही असं कसं म्हणता?

त्याहून मोठी गोष्ट सांगतो. ही पॉलिसी कर्जाला संरक्षण देते असं तुम्ही धरून चाललाय. तिचं मृत्यूविम्याचं कवच १६ लाख ५० हजार आहे. मूळ कर्जाचे ३१ लाख बाकी, टॉप-अपचे १४, मिळून ४५ लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर पत्नीच्या डोक्यावर साडेअठ्ठावीस लाख उरतात आणि घरात शिकवण्यांशिवाय उत्पन्न नाही. दुसरा विमा नाही हेही तुम्हीच लिहिलंय. हीटरच्या पत्रात मला हे वाचावं लागलं याचं वाईट वाटलं.

कर्ज हवं असेल तर पॉलिसी घ्यावीच लागते, असं बँकेतल्या माणसाने सांगितलं म्हणता. अशी सक्ती करता येत नाही. हे प्रकार वर्षानुवर्षं चालू आहेत आणि दर वेळी चीड येते, कारण सही करणारा माणूस कर्जाच्या घाईत असतो.

"पहिला हप्ता भरलाय, आता सोडलं तर तो बुडेल," हे तुमच्या मनात येईल. समजा, दीडच्या दीड लाख बुडाले. तरी उरलेल्या नऊ हप्त्यांवर मिळणारा परतावा साडेसहा टक्क्यांच्या आसपासच आहे. कर्ज सव्वानऊचं. थांबणंच बरं. आणि सगळे बुडतील असंही नाही. तुमची पॉलिसी डिसेंबर २०२४ ची आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष झालं की पॉलिसी सोडणाऱ्याला कंपनीला काही सरेंडर रक्कम द्यावी लागते. किती, ते कंपनीकडून लेखी घ्या. ८०सी च्या करवजावटीचं कारण मात्र पुढे करू नका. तुम्ही नवी करप्रणाली निवडली आहे, तिथे ती वजावट मिळत नाही.

क्रम चुकवू नका. या आठवड्यात एक कोटीच्या टर्म प्लॅनसाठी, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणाऱ्या विम्यासाठी, अर्ज करा, वयाच्या साठीपर्यंतचा. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, वर्षाला २५-३० हजार धरून चाला. वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. अर्ज करतानाच १८७४ च्या मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी अ‍ॅक्टखाली पत्नी आणि मुलीच्या नावे घ्या, म्हणजे त्या पैशांवर कर्ज देणाऱ्यांचा हात पडत नाही. वैद्यकीय तपासणीत काही लपवू नका. नवी पॉलिसी हातात आल्यावरच जुनी सोडायची. डिसेंबरच्या २० तारखेच्या हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे बसतं. पण बँकेतला ऑटो-डेबिट आधी बंद करा, नाहीतर पैसे आपोआप जातील.

मग साडेबारा हजारांतले अडीच हजार टर्मला आणि १० हजार दर महिन्याला टॉप-अपच्या मुद्दलात. ते १५ ऐवजी सव्वासहा वर्षांत फिटेल आणि व्याजाचे सात लाख वाचतील. मुलगी तोवर कॉलेजातून बाहेर पडत असेल.

बोनसचे असे: ९५ हजार पफ, १० हजार हीटर, २५-३० हजार टर्मचा पहिला हप्ता, उरलेले बचत खात्यात, हात न लावता.

बँकेच्या माणसाविरुद्ध आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. कर्जमंजुरीचं पत्र आणि पॉलिसीचा अर्ज एकाच तारखेचे आहेत, ते दोन्ही जोडा. महिन्यात उत्तर आलं नाही तर विमा लोकपाल आहेत, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. सरेंडरचा लेखी आकडा आला की मला कळवा. तोवर कंपनीचे फोन येतील, "पॉलिसीचा बोनस अडकलाय, अजून एकच हप्ता भरा" म्हणतील. फोनवर कशालाही हो म्हणू नका.