शिक्षक विचारतात : कृतिपत्रिका गटात टाकली, मग सापडत का नाही?

प्रश्न : नागपूर जिल्ह्यात, हिंगणा तालुक्यात दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे. तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात शेकडो शिक्षक आहेत. साहित्य येतं भरपूर, पण हवं तेव्हा एक कृतिपत्रिका (वर्कशीट) मिळत नाही. वेगळा गट करावा का?

उत्तर : करा, पण लहान. एकाच इयत्तेला शिकवणारे, शेजारच्या दोन-तीन केंद्रांतले आठ ते बारा जण पुरेत. दहा जणांनी पंधरवड्याला एकेक कृतिपत्रिका दिली तर महिन्याला वीस होतात. त्याहून जास्त वापरून होत नाहीत. कोणी कोणता घटक करायचा, हे सगळ्यांनी मिळून आधीच ठरवून टाका. नाहीतर अपूर्णांकावर सात पत्रिका येतात आणि मापनावर एकही नाही.

व्हॉट्सअ‍ॅप निरोपापुरतं ठेवा, साठा गूगल ड्राइव्हवर. फाइलचं नाव एकाच पद्धतीनं द्यायचं : इयत्ता, विषय, प्रकरण, प्रकार. उदाहरणार्थ, ‘०४_गणित_०३_अपूर्णांक_सराव’. आकडे दोन अंकी लिहा, म्हणजे दहावं प्रकरण दुसऱ्याच्या आधी येऊन बसणार नाही. आणि अंक सगळ्यांनी मराठी किंवा सगळ्यांनी इंग्रजी, असं एकच काहीतरी ठरवा. आपल्याला दोन्ही ‘चार’च दिसतात, पण शोधताना एक टाकला की दुसरा सापडेलच असं नाही. ‘नवीन फायनल २’ असल्या नावाची फाइल सरळ परत पाठवावी.

खरी अडचण मालकीची आहे. सामायिक फोल्डरात टाकलेली फाइल टाकणाऱ्याच्याच खात्यात मोजली जाते आणि त्याच्याच मालकीची राहते. त्याची बदली झाली, खातं बंद पडलं, की फाइल गेली. म्हणून गटासाठी स्वतंत्र खातं काढा (फुकट १५ जीबी मिळतात, पीडीएफला ते खूप झाले) आणि फाइली त्या खात्यातूनच चढवा. पासवर्ड दोघांकडे असू द्या. बाकीच्यांना फक्त पाहण्याची परवानगी. सगळ्यांना संपादक केलं की कोणीतरी आपला फोन मोकळा करायला म्हणून फाइली फोल्डरातून काढून टाकतो. गटाच्या खात्यातूनच उडवलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते, त्यानंतर नाही.

फॉन्टकडेही लक्ष द्या. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल दुसऱ्याच्या फोनवर निव्वळ खिचडी दिसते. युनिकोडमध्येच टाइप करा. जुनं साहित्य कन्व्हर्टरमधून काढलं तर रफार, ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, बिघडतं ते तिथंच. प्रत्येक पत्रिकेच्या दोन प्रती ठेवा : छापायला पीडीएफ, बदलायला वर्ड. नुसती पीडीएफ मिळाली की ‘संत्र्याच्या ५ पेट्या’ची गणितं आपल्या वर्गापुरती ७ करता येत नाहीत.

झेरॉक्सचा विचार आधीच करावा. करडी छटा झेरॉक्समध्ये डागाळते, त्यामुळे चित्रं नुसत्या काळ्या रेषांची घ्या. चौथीला १६ पॉइंटचं अक्षर चालतं, पहिलीला २४ लागतं. एका ए-फोर कागदावर दोन पत्रिका बसवून मधून कापल्या की खर्च निम्मा. आणि पान फोटो म्हणून पाठवू नका, दाबलं जाऊन अक्षर फुटतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एक फायदा सहसा लक्षात येत नाही. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात. तिकडच्या एखाद्या गटाशी ओळख असेल तर सुरुवातीच्या घटकांचं वर्गात वापरून झालेलं साहित्य आपल्याला आयतं मिळतं.

प्रश्न : खासगी गाइडची पानं स्कॅन करून गटात टाकली तर चालतं का? नागपूरच्या महाल भागातल्या अनुदानित शाळेत शिकवते.

उत्तर : टाकू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात उतारा वापरण्याची मुभा देतं. अख्खं गाइड अनेक शाळांत वाटणं त्यात बसेल असं धरून चालू नका. बालभारतीच्या पुस्तकांचेही हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडेच आहेत. पण पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत मिळतात, तेव्हा पान क्रमांक दिला की काम भागतं. गाइडमधल्या प्रश्नाची कल्पना आवडली तर आकडे, प्रसंग आणि शब्द आपले घालून नवा प्रश्न करा. आपल्या पत्रिकेच्या तळाशी ‘करणाऱ्याचं नाव तसंच राहू देऊन वापरा, विकू नका’ एवढी ओळ घाला. पत्रिका कुठून तरी विकली जाताना दिसली तर ती दाखवता येते.

प्रश्न : मुलांनी सोडवलेल्या पत्रिकांचे फोटो नमुना म्हणून टाकावेत का?

उत्तर : टाका, चुकांचे नमुने तर फार उपयोगी पडतात. फक्त नाव, हजेरी क्रमांक आणि चेहरा नको. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. नावावर मार्करनं गिरवू नका, खालचं अक्षर अनेकदा वाचता येतं. कागदाची वरची पट्टी दुमडून मगच फोटो काढा.