दुसरं नाणं घेऊ नका

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरी करतो. जुनी नाणी जमवायचा नाद आहे. मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणाऱ्या एका ओळखीच्याकडून इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याचं ‘नोबल’ हे सोन्याचं नाणं रोखीने घेतलं. जहाजात उभ्या राजाभोवतीच्या खाचांत माती तशीच आहे. आता तो त्याच शेतातलं दुसरंही देऊ करतोय. ‘सुटं नाणं सरकारला कळवावं लागत नाही,’ म्हणतो. दोन्ही पुण्याला भावाकडे पाठवू का?

उत्तर : दुसरं घेऊ नका, पहिलं कुठेही पाठवू नका.

तुमचा विक्रेता अर्धंच सांगतोय. तिथल्या १९९६च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे एकटं सापडलेलं नाणं सहसा ‘ट्रेझर’ (गुप्तधन) ठरत नाही, हे खरं. पण एकाच ठेव्यातली दोन नाणी किमान ३०० वर्षं जुनी आणि १० टक्के तरी सोन्याची असली, की ठरतात. नोबल निघालं १३४४ साली, तेही जवळजवळ शुद्ध सोन्यात. अशा वेळी ज्याला सापडलं त्याने १४ दिवसांत कोरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायचं असतं. एकेक करून विकल्याने ठेवा सुटा होत नाही. (आपल्याकडेही १८७८चा कायदा आहेच, दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवा.)

ट्रेझर ठरलं तर ते राजसत्तेचं. विकणाऱ्याचीच मालकी नसेल तर तुमची कुठून येणार? पहिल्या खरेदीच्या वेळी तुम्हाला काही ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जागा आहे. आता जाणूनबुजून दुसरं घेतलंत तर ती राहणार नाही. चोरीचा माल हाताळण्याला तिथे १४ वर्षांपर्यंत कैद आहे. लेमिन्स्टरजवळ २०१५मध्ये सापडलेला व्हायकिंग काळातला ठेवा दडवला गेला, तेव्हा २०१९मध्ये शोधणाऱ्या दोघांबरोबर नाण्यांचा एक व्यापारीही तुरुंगात गेला.

पुण्याचा विचार सोडा. ब्रिटनच्या जमिनीतून निघालेली जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला परवाना लागतो, तोही उगम सांगितल्याशिवाय मिळत नाही.

नाणं धुऊ नका. ती माती पुरावा आहे. विक्रेत्याचे मेसेज आणि बँकेतून पैसे काढल्याची नोंद जपा, त्याच्याशी वाद घालू नका. आधी तिथला फौजदारी सॉलिसिटर (वकील) गाठा. त्याच्यामार्फतच कोरोनरला किंवा तुमच्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला (सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवा. ट्रेझरबद्दल बक्षीस मिळालं तर ते साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटलं जातं, त्यात तुम्ही नाही. तुमचे पैसे विक्रेत्याकडूनच मागावे लागतील, आणि रोखीला पावती नसेल तर ते सोपं जाणार नाही.