ग्राहकांना मोफत सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीला धंद्यात कोणते धोके असतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्हीही मोफत ॲप काढायच्या बेतात आहात आणि 'आधी लोक जमव, पैसा मग येतोच' असं मित्र सांगतोय. मित्राचं हे वाक्य मी दहा वर्षांपूर्वी स्वतःच सगळ्यांना ऐकवायचो, म्हणून लिहायला बसलोय.

२०१४ साली मी दुधाच्या रतिबाचं ॲप काढलं. आज किती लिटर घेतलं, खाडा कधी झाला, महिनाअखेर गवळ्याचे किती झाले, एवढंच. पुढे पेपरवाला आणि इस्त्रीवाला पण त्यात घातला. मराठीत होतं, फुकट होतं आणि इचलकरंजीत एका खोलीत बसून एकट्याने केलं होतं. तीन वर्षांत साठेक हजार लोक वापरायला लागले. खाली जाहिरातीची पट्टी होती, तिच्यातून महिन्याला पंधरा-अठरा हजार सुटायचे.

आमचे बाबा गावच्या दूध संस्थेतून सचिव म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर फॅट बघितली आणि दर दहा दिवसांनी बिलं काढली. ॲप बघितल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, "महिन्याला पाच रुपये लाव." मी हसलो. तेव्हा यूपीआय नव्हतं, ॲप वापरणाऱ्या बायकांकडे क्रेडिट कार्ड नव्हतं, पाच रुपये घेणार कसे? ते म्हणाले, "मग तुझं दूध घेतंय कोण? ती जाहिरातवाली कंपनीच ना? एकाच ठिकाणी दूध घालणाऱ्यानं दर विचारायचा नसतो." मी ते म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

२०१७ च्या मार्चमध्ये सकाळी ईमेल. अवैध क्लिक आढळल्यामुळे तुमचं खातं कायमचं बंद. साचलेले चाळीस हजार पण गेले. अपील केलं तर दोन दिवसांत छापील उत्तर. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. भांडायला समोर माणूसच नसतो.

चौथ्या दिवशी बाबा सोप्यात खुर्ची टाकून चष्मा कपाळावर चढवून फोन बघत बसलेले. मला म्हणाले, "अरे, तुझी ती पट्टी चार दिवस झाले दिसत नाही. दाबायचं कुठं आता?"

पूजा आटोपली की रोज दहा-बारा वेळा दाबायचे. पोराला चार पैसे मिळावेत म्हणून. संस्थेच्या कट्ट्यावरच्या चौघांनाही शिकवून ठेवलं होतं. मी काहीच बोललो नाही. फक्त आईला सांगितलं. आईने ताईला सांगितलं आणि ताईकडून दाजींना कळलं. तेव्हापासून बारसं असो की वास्तुशांत, पंगतीत दाजींचं ठरलेलं वाक्य, "मामांनी एका बोटात कंपनी बुडवली." सगळे हसतात. बाबा ताटाकडे बघत राहतात.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मोफत सॉफ्टवेअरवाल्याचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे वापरणारे साठ हजार आणि पैसे देणारा एकच. बाकीचे धोके त्याच्याच पोटात येतात. फायरफॉक्सची मोझिला बघा. ब्राउझर फुकट, आणि कमाईचा बहुतांश भाग गूगलकडून, शोधपेटीत गूगल आधीच बसवून ठेवण्याबद्दल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली आणि घाम फुटला मोझिलाला, कारण असे पैसे द्यायलाच बंदी आली असती तर? पुढच्या वर्षी न्यायाधीश अमित मेहता यांनी सरसकट बंदी घातली नाही म्हणून निभावलं. खटला दुसऱ्याचा आणि जीव यांचा टांगणीला.

जाहिरातीवर भागेना की नजर लोकांच्या माहितीवर जाते. अव्हास्टचं फुकट अँटिव्हायरस करोडो कॉम्प्युटरवर होतं. त्यांनी लोक कुठल्या वेबसाइटवर जातात याची माहिती जंपशॉट नावाच्या उपकंपनीतर्फे विकली. २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर जंपशॉट बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर भरायची वेळ आली. आता आपल्याकडेही लोकांची खासगी माहिती जपण्यासाठी २०२३ चा कायदा आहे, दंडाची मर्यादा २५० कोटीपर्यंत. मलाही एकाने विचारलं होतं, कुठल्या भागात किती दूध जातं याची यादी द्याल का म्हणून. नाही म्हणालो. खातं बंद झाल्यानंतर विचारलं असतं तर काय म्हणालो असतो, सांगता येत नाही.

ज्याच्या अंगणात दुकान थाटलंय त्यानेच तो माल फुकट वाटायला काढला तर? मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबरच अँटिव्हायरस आत घालून दिला, मग बाहेरच्या फुकटवाल्यांनी 'आम्ही फुकट' म्हणून काय सांगायचं? शिवाय लोक वाढले की खर्च वाढतो, उत्पन्न त्या बेताने वाढत नाही. गूगलसारख्यालाही फोटोंची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद करावी लागली. माझं ॲप वापरणाऱ्या एकीचा फोन हरवला, हिशोब गेला, तिने एक स्टार देऊन 'फालतू ॲप' लिहिलं. म्हणून सर्व्हरवर बॅकअप सुरू केला आणि बिल डॉलरमध्ये यायला लागलं. फुकट वापरणाऱ्याची तक्रार फुकट नसते बरं का. रविवारी रात्री अकराला फोन, "गवळी भांडतोय, तुमचं ॲप अर्धा लिटर जास्त दाखवतंय."

आता दाजी, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे. एका म्हाताऱ्याच्या बोटाने बसतो तो धंदा बोटाआधीच बसलेला असतो. आणि पैसे घ्यायची सोय नव्हती हे माझं रडगाणंही खोटंच. पुण्याच्या काटकर बंधूंनी क्विक हील हे अँटिव्हायरस विकलं ते कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांतून. बाजारात फुकट अँटिव्हायरस पडलेले असताना, आणि कार्ड नसलेल्या गिऱ्हाइकालाच. मी गवळ्याला गाठायला हवं होतं. त्याचा हिशोबाचा वेळ वाचत होता, पाच रुपये त्याने बिलात लावले असते. हा रस्ता बाबांनी तेव्हाच दाखवला होता, संस्थेत असंच चालतं म्हणून.

दुसरं म्हणजे दाजी, तुमच्या पतसंस्थेचं फुकट कॅलेंडर दर वर्षी घरी येतं, तरी बाबा डिसेंबरात कालनिर्णय विकत आणतात आणि हल्ली दुधाचे आकडे त्याच्यावरच टिपतात. तुमचं कॅलेंडर कपाटात खाली अंथरलेलं असतं.

आता परत प्रश्न विचारणाऱ्यांना, एक सांगायचं राहिलं. फुकट देणं सगळ्यांनाच बाधतं असं नाही. व्हॉट्सॲप आधी वर्षाला एक डॉलर घ्यायचं, २०१६ मध्ये तेही सोडलं. पण २०१४ मध्येच फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं होतं. असा कोणी तुमच्या पाठीशी असेल तर माझं वरचं सगळं विसरा. कंपन्यांना विकायचं सॉफ्टवेअर असेल तरी गणित वेगळं, त्यातलं मला कळत नाही.

तरीही मोफतच काढणार असाल तर जाहिरातीच्या करारात खातं बंद झाल्यावर साचलेल्या रकमेचं काय होतं ते कलम आधी वाचा. आणि ॲप बाजारात टाकण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांचे फोन टेस्ट डिव्हाइस म्हणून, म्हणजे ज्यावरचं दाबणं खऱ्या क्लिकमध्ये धरत नाहीत असे, नोंदवून घ्या, वडिलांचा सगळ्यात आधी.