नागपूरची महाराजबाग नेमकी कोणाची, आणि तिथे पाहण्यासारखे काय आहे?

बाग मूळची नागपूरकर भोसल्यांची, आणि 'महाराज' म्हणजे तेच. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक निधन पावल्यावर इंग्रजांनी संस्थान खालसा केले आणि राजघराण्याची ही खाजगी बाग सरकारी अमलाखाली आली. इंग्रजांच्याच काळात, १८९४ च्या सुमारास, येथे प्राणिसंग्रहालय सुरू झाले, म्हणून पुष्कळांचा ही बागच इंग्रजांनी वसवली असा समज होतो; तो खरा नाही.

तिचे वेगळेपण असे की, शहराच्या मध्यभागी, बर्डीपासून (सीताबर्डी या मुख्य बाजारपेठेपासून) हाकेच्या अंतरावर असूनही ती महानगरपालिकेची नाही. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कृषी महाविद्यालयाशी ती जोडलेली असून, ते महाविद्यालय ज्याच्या अखत्यारीत येते त्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे तिचा कारभार आहे. त्यामुळे फुलझाडांचे ताटवे, रोपवाटिका आणि जुने वृक्ष यांना येथे केवळ शोभेपुरते स्थान नाही.

प्राण्यांमध्ये बिबट, अस्वल, हरणे, मोर वगैरे आहेत. पिंजरे जुन्या धाटणीचे आहेत, हे मान्य करावे लागेल. प्रशस्त आवारात फिरणारे वन्यजीव पाहण्याची इच्छा असेल, तर २६ जानेवारी २०२१ रोजी खुले झालेले गोरेवाडा प्राणिउद्यान अधिक योग्य ठरेल. महाराजबागेत मात्र झाडांसाठी जावे, तेही शक्यतो सकाळीच, कारण नागपूरचे ऊन मे महिन्यात दहा वाजल्यानंतर कोणाचीच गय करत नाही. शेजारून नाग नदी वाहते. तिच्या पाण्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.